केडगाव, नगर आणि उसाच्या फडाजवळचे तीन दिवस

महाराष्ट्रात केडगाव दोन आहेत. हे आधी सांगते, कारण आमच्या चर्चच्या कॉलेजगटाच्या सहलीत आमच्यातल्या दोघांचा अख्खा दिवस त्यापायी गेला. पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेलं मुक्ती मिशन आहे ते केडगाव दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर. दुसरं नगर शहराला लागून. आमची दोन मुलं प्रॅक्टिकल आटपून मागून येणार होती. त्यांनी शिवाजीनगरला एसटीच्या कंडक्टरला विचारलं, ‘केडगावला जाते का?’ जाते म्हणाला, आणि खरंच गेली. दुपारी फोन आला, ‘ताई, इथे मिशन कुणालाच माहीत नाही.’ मी विचारलं, आजूबाजूला काय दिसतंय? तर म्हणे, नगरची पाटी. तिथेच एका नातेवाइकाकडे त्यांना थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नगरला पोचल्यावर ते येऊन मिळाले. त्या दोघांचं मुक्ती मिशन पाहायचं राहिलं ते राहिलंच.

आमच्या मंडळीचा (चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो) कॉलेजचा गट म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जमणारी पंचवीसेक पोरं. निम्मी होस्टेलवरची: नगर, जालना, सोलापूर, एखाददुसरं विदर्भातलं. गायनं, शास्त्राभ्यास, प्रार्थना आणि मग चहा. काहीजण फक्त चहासाठी येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणाची हरकत नाही. रविवारी संडे स्कूलचे वर्ग यातलेच काहीजण घेतात. परीक्षेच्या दिवसांत हॉल रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेसाठी उघडा असतो, आणि माझ्या मते वर्षभरातला आमचा सगळ्यात उपयोगी उपक्रम तोच. नाताळात घरोघरी कॅरल. महिन्यातून एका शनिवारी सरकारी रुग्णालयाबाहेर झोपणाऱ्या नातेवाइकांसाठी डबे. सहलीचं मात्र दरवर्षी नुसतंच बोलणं व्हायचं.

यंदा जानेवारीत पाच दिवस मिळाले. सेमिस्टरची परीक्षा संपलेली, नवे तास रुळायचे होते, म्हणजे हजेरीचा प्रश्न कमी. तुम्ही तारखा ठरवाल तेव्हा हे आधी बघा. पंच्याहत्तर टक्क्यांच्या धास्तीने आदल्या रात्री चारजण गळाले की जेवणाचा, तिकिटांचा, खोल्यांचा सगळा हिशेब कोलमडतो. आम्ही शेवटी बावीसजण होतो: एकोणीस विद्यार्थी, पाळक साहेब, संडे स्कूलच्या एक बाई आणि मी. मुली बरोबर असतील तर जबाबदार बायका दोन तरी हव्यातच. एकीला ताप आला तर दुसरी लागते. आम्हाला लागली.

केडगावला जायला पुण्याहून दौंडकडे जाणारी लोकल पकडा. यवत, खुटबाव गेलं की केडगाव. थांबा फार वेळाचा नाही, तेव्हा सामान आधीच दारापाशी आणून ठेवा. मिशनला जाण्याआधी त्यांच्याशी पत्राने बोला आणि किती माणसं, किती वेळ, हे स्पष्ट लिहा. आत बायका-मुलं राहतात, ते लोकांचं घर आहे. प्रेक्षणीय स्थळासारखं कधीही जाऊन धडकू नये.

पोरांना रमाबाई ठाऊक होत्या त्या शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींपुरत्या. गाडीत पाळक साहेबांनी त्यांना एकेक गोष्ट सांगत नेलं. १८८९ साली मुंबईत रमाबाईंची विधवा मुलींसाठीची शाळा, शारदा सदन, निघाली, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. त्यात पुण्यात प्लेग. केडगावची जमीन घेतलेली होती, तिथे शेत, विहिरी, गोठा, छापखाना असं एकेक उभं राहिलं. आमच्यातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलीला सगळ्यात भिडलं ते बायबलचं भाषांतर. रमाबाई संस्कृतातल्या पंडिता, पण मोठ्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र उतरवलं, आणि ते मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या बायकांनी जुळवलं, छापलं. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, स्वतः रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. ग्रंथ पूर्ण छापून आला तो त्यानंतर. परतीच्या वाटेवर ती मुलगी एवढंच म्हणाली, ‘आणि आपण एक असाइनमेंट वेळेत देत नाही.’

तिथून नगर. अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं. दौंडहून रेल्वेने जाणार असाल तर एक खाचखळगा आहे: काही गाड्या दौंड जंक्शनला न येता दौंड कॉर्ड लाईन नावाच्या वेगळ्या स्टेशनवर थांबतात. तिकिटावर कोणतं नाव आहे ते नीट वाचा, नाहीतर सामान घेऊन रिक्षा शोधत बसाल. आम्ही वाचलं होतं. दोन केडगावांच्या फटक्यानंतर आम्ही सगळंच दोनदा वाचत होतो.

नगरमध्ये अर्धा दिवसच होता. ख्रिस्ती घरातल्या पोरांना हे गाव आजोळासारखं. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ पासूनचं, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच निघालं. मला पोरांना सांगायचं होतं ते सिंथिया फॅरारबद्दल. अमेरिकेतून १८२७ मध्ये एकटी, अविवाहित बाई मुंबईला येते, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवते आणि १८६२ मध्ये इथेच मरते. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली होती. पुण्यात मुलींची शाळा काढायचा विचार पक्का झाला त्यात त्या भेटीचाही वाटा होता. हे मी अहमदनगर कॉलेजच्या फाटकाबाहेर, ऊन चुकवत सांगितलं. निम्मे ऐकत होते, निम्मे उसाचा रस पीत होते. दोन दिवसांनी त्यातलाच एकजण मला म्हणाला, ‘ताई, त्या फॅरारबाईंना पण हाच प्रॉब्लेम आला असेल ना?’ तो प्रॉब्लेम काय, ते आता सांगते, कारण सहलीतलं खरं तेवढंच होतं.

पुढचे तीन दिवस आम्ही नेवासे तालुक्यातल्या एका गावी होतो. नगरच्या तारकपूर स्थानकावरून एसटी. मुलींना अर्धं तिकीट लागलं, त्यावर मुलांनी वाटभर कुरकुर केली. गावात लहानशी मंडळी आहे, जुनं दगडी चर्च, आणि जानेवारीत गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या. बहुतेक बीडकडची माणसं. मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीनंतर येतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पहाटे अंधारात फडावर जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि येताना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घेऊन यायचं.

आम्ही पुण्याहून पुरती तयारी करून गेलो होतो. बाहुल्यांचा खेळ, नाटुकलं, हातवारे करून म्हणायची गाणी, रंगीत टोप्यासुद्धा. पहिल्या संध्याकाळी सात वाजता कोप्यांसमोर सतरंजी टाकली, स्पीकर लावला. बायका नुकत्याच फडावरून आलेल्या, चुलीवर भाकरी, पुरुष पाठ टेकून पडलेले. पोरं आली, दहा मिनिटं बघितलं आणि आयांनी हाक मारली तशी निघून गेली. एक म्हातारी मात्र शेवटपर्यंत बसली. नंतर विचारलं, ‘संपलं का? मंग ती सतरंजी झाडून घ्या, मुंग्या लागत्यात.’

रात्री आमच्या मुलांचे चेहरे पडलेले. गावच्या पाळकांच्या घरच्या काकूंनी भाजी वाढता वाढता विचारलं, ‘तुम्हाला नाटक करायचंय की पोरांना काही शिकवायचंय?’ शिकवायचंय म्हटल्यावर म्हणाल्या, ‘मग दुपारी जा. आईबाप नसतात तेव्हा. आणि आधी तान्ही पोरं घ्या कडेवर.’

दुसऱ्या दिवशी अकराला गेलो तेव्हा त्यांचं बोलणं समजलं. शिकायच्या वयाच्या मुली होत्या, आठ-दहा-बारा वर्षांच्या, पण प्रत्येकीच्या कमरेवर एक भावंड. गावातली शाळा चालत जाण्याइतकी जवळ. पण तान्ह्याला घेऊन वर्गात कसं बसायचं, आणि ठेवून कुठे यायचं? आई पहाटेच गेलेली. त्यामुळे मुलगी कोपीपाशीच. आमचा सगळा कार्यक्रम तिथेच मोडला आणि नवा उभा राहिला: आमच्यातल्या आठ जणांनी फक्त मुलं सांभाळायची, बाकीच्यांनी ताया मोकळ्या झाल्या की त्यांना शिकवायचं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा एक दांडगा मुलगा दोन्ही हातांवर दोन पोरं घेऊन उसाच्या बांधाने येरझारा घालत होता आणि त्यांना गायन क्रमांकासकट उपासनेतली गायनं म्हणून दाखवत होता. एकाने त्याच्या शर्टावर जे करायचं ते केलं. तो शर्ट अजून डागासकट आहे म्हणतात.

तीन दुपारींत काही कुणी वाचायला शिकत नाही. एका मुलीला तिचं नाव लिहिता आलं, दोघींना शंभरपर्यंत आकडे येतच होते, त्यांना उसाच्या मोळ्यांवरून गुणाकार दाखवला. खरं काम शेवटच्या दिवशी झालं. काकू, शाळेतल्या एक बाई आणि मंडळीतल्या दोन आज्या यांनी ठरवलं की हंगाम संपेपर्यंत चर्चच्या ओसरीवर सकाळी तान्ही मुलं सांभाळायची, म्हणजे मुली शाळेत जातील. त्यासाठी लागणारं दूध आणि बिस्किटांचे पैसे आमचा गट पाठवत राहिला. नाटुकल्याच्या कपड्यांवर आम्ही जेवढे घातले होते, त्याहून ते कमीच भरले. यावर पाळक साहेबांशी माझा थोडा वादही झाला. ते म्हणाले, सुवार्ता सांगायला आलो आणि पाळणाघर काढून चाललो. मी म्हटलं, एवढ्या तान्ह्यांत आपला बाळ येशूही खपून गेला असता. ते हसले, पण पटलं नसावं.

आता जाणाऱ्यांसाठी. गावच्या सरपंचांना आणि पोलीस पाटलांना आधी भेटा: कोण आहोत, किती दिवस, काय करणार. मुकादमालाही भेटा, त्याच्या नकळत कोप्यांत गेलात तर त्रास कामगारांना होतो. आईबापांना विचारल्याशिवाय मुलांना कुठेही नेऊ नका, आणि ते भेटतात संध्याकाळीच, म्हणून पहिली संध्याकाळ फक्त ओळखीसाठी ठेवा. पत्रकं वाटू नका. कुणी विचारलं तर आपण कोण, का आलो, हे सरळ सांगा. विचारतातच.

फोटोंचं पुण्यातून निघायच्या आधीच ठरवून टाका, तिथे जाऊन ऐकत नाही कुणी. संस्थेत राहणाऱ्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बंदी आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोप्यांतल्या मुलांना तो नियम लागो न लागो, आम्ही तोच पाळला: मुलांचे चेहरे नाहीत, स्टेटस नाही. एका मुलीने तरी टाकलाच. तो काढायला लावला, दोन तास ती बोलत नव्हती.

चॉकलेटं नेऊ नका. पाट्या, पेन्सिली, नेलकटर, साबण, खोबरेल तेल न्या. औषधं मनाने देऊ नका, मागितली तरी. प्रथमोपचाराची पेटी असू द्या, पण ती मुख्यतः तुमच्याच पोरांना लागेल: आमच्या तिघांना उसाच्या पात्याने कापलं. पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. आणि थंडी! पुण्याच्या हिशेबाने चादर घेऊन आलेले सगळे रात्री दोनला बसून होते. रग हवा, कानटोपी हवी. मुली पाळकांच्या घरी झोपल्या, मुलं चर्चमध्ये बाकं सरकवून. दगडी भिंती पहाटे बर्फासारख्या. वीज दिवसा जाते, तेव्हा फोन रात्रीच चार्ज करून ठेवा.

जेवणाचं आधी बोला. गावची मंडळी प्रीतिभोजन घालणारच, आणि ते नाकारू नये. पण रोजच्या बावीस माणसांचा भार त्यांच्यावर नको. आम्ही तांदूळ, डाळ, तेल पुण्याहून नेलं, भाजी आणि पीठ तिथे घेतलं, चपात्यांना मुलांची पाळी लावली. चपात्यांविषयी न बोललेलं बरं. प्रवास, जेवण, सगळं धरून प्रत्येकी १८०० रुपये आले. दोघांचे मंडळीने भरले, कुणाचे ते फक्त खजिनदाराला माहीत.

पालकांची सही असलेलं पत्र प्रत्येकाचं घ्या, वय अठराच्या वर असलं तरी. घरी काय सांगून आलेत हे त्यातूनच कळतं. आमच्यातल्या एकीच्या घरी ‘एज्युकेशनल टूर’ असं होतं.

एप्रिलमध्ये काकूंचा फोन आला. कोप्या उठल्या, जागेवर नुसतं पाचट उरलंय. ओसरीवरच्या चार तान्ह्यांपैकी एकाला चालता यायला लागलं होतं, ते चर्चच्या पायऱ्या उतरताना एकदा पडलं, फार लागलं नाही. पुढच्या हंगामात तीच माणसं त्याच गावी येतील असं नसतं, मुकादम नेईल तिकडे जातात. काकूंनी पाळणे मात्र धुऊन माळ्यावर ठेवलेत.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा जानेवारीतच जाणार आहोत. नाटुकलं नाही. तिकिटं काढायचं काम त्या चुकलेल्या दोघांकडे दिलंय.