पाणी चोख, मासे बेजार

फोनवर डॉक्टरांनी निदान आधीच करून टाकलं होतं. "पाण्यात बिघाड आहे, येताना टेस्ट किट आणा." दातांचा दवाखाना, वेटिंग रूममध्ये 80 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. ती लावून दिली होती दुसऱ्याच कुणीतरी, देखभाल नुकतीच माझ्याकडे आली होती.

पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 10 पीपीएमच्या आसपास, तापमान 26 अंश, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे खारेपणाचं माप, 1.025. समुद्रानंही नावं ठेवू नयेत असं पाणी! पण एक फायरफिश बेपत्ता होता, पिवळ्या गोबीच्या शेपटीच्या चिंध्या झालेल्या आणि क्लाउनफिशची जोडी वरच्या कोपऱ्यात हीटरला खेटून बसलेली.

किट बंद केलं आणि खुर्ची ओढून टाकीसमोर बसलो. हे काम बघणाऱ्याला आळस वाटतं. पण माणूस जवळ आला की मासे आधी खाण्याच्या आशेनं पुढे येतात, नाहीतर दडतात. त्यांचं खरं वागणं बघायचं तर त्यांना आपला विसर पडेपर्यंत थांबावं लागतं.

थोड्या वेळानं दगडांतून एक मासा सुटला, गोबीला टोचा मारून परत गायब. पुढून जांभळा, मागून पिवळा.

"ती रॉयल ग्रामा," डॉक्टर म्हणाले. "शांत असते, लहान टाकीला चालते, असं सांगितलं म्हणून घेतली."

माहिती अगदी बरोबर होती, मासा तो नव्हता. ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरत जातो, पाठीच्या पराच्या पुढच्या भागात काळा ठिपका असतो, डोळ्यावरून गडद रेघ जाते. इथे ना ठिपका, ना रेघ. दोन रंगांची हद्द पट्टी ठेवून आखल्यासारखी. हा रॉयल डॉटीबॅक. ग्रामा कॅरिबियन समुद्रातली, हा पश्चिम पॅसिफिकमधला. बिळाची राखण दोघंही करतात, पण ग्रामा बहुतेक वेळा नुसता जबडा वासून धमकावते. डॉटीबॅक मागे लागतो आणि लहान टाकीत मागे लागलेल्यापासून पळणार कुठे?

"सगळ्यात आधी कुठला मासा सोडला होता?"

"हाच."

झालं. भित्रे आधी, दांडगे शेवटी, हा क्रम इथे उलटा झाला होता. मधोमध दगडांचा एकच ढीग आणि त्याचा सातबारा पहिल्या दिवसापासून या महाशयांच्या नावावर. नंतर आलेले सगळे घुसखोर.

फायरफिश कॅबिनेटच्या मागे जमिनीवर सापडला, वाळून कडक झालेला. घाबरला की तो उडी मारतो आणि टाकीला झाकण नव्हतं. उघडी टाकी छान दिसते, हे मलाही मान्य आहे. तरी त्याच दिवशी जाळीचं झाकण मापून घेतलं.

आता डॉटीबॅकला पकडायचं. दगड असलेल्या टाकीत जाळं फिरवणं म्हणजे सगळ्यांचाच छळ. प्लास्टिकची बाटली वरून कापली, तोंड उलटं आत बसवलं, आत कोळंबीचा तुकडा टाकला. आधी शिरली क्लाउनची मादी. तिला सोडलं, तर ती परत शिरली. ताटकळलेले पेशंट एव्हाना उघड उघड पैजा लावत होते. संध्याकाळी दिवे मंद केल्यावर डॉटीबॅक एकदाचा बाटलीत आला. पुढे त्याला दणकट माशांच्या मोठ्या टाकीत जागा मिळाली. तो मासा वाईट नाही, त्याची नेमणूक चुकीच्या जागी झाली होती.

मग नव्या माशांची बोलणी सुरू झाली. डॉक्टरांना निळा टँग हवा होता, लहान पेशंट मागतात म्हणून. तो 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तेव्हा तो नको. मग मँडरिन? तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे बारीक कवचधारी जीव, टिपत फिरतो आणि एवढ्याशा टाकीत ते पुरत नाहीत. हळूहळू उपाशी मरतो, रंग मात्र शेवटपर्यंत सुंदर. मला हा मासा लहान टाकीत दिसला की राग येतो. क्लाउनची आणखी एक जोडी? जोडीतला मोठा मासा म्हणजे मादी आणि एवढ्या जागेत ती दुसरी मादी खपवून घेणार नाही.

शेवटी दगडांचे दोन ढीग केले, म्हणजे एकमेकांच्या नजरेआड व्हायला जागा झाली. क्लाउनची जोडी आणि गोबी तशीच ठेवली. शेपटी भरून आल्यावर गोबीच्या सोबतीला पिस्टल श्रिंप, म्हणजे नांगी वाजवणारा एक कोळंबीसारखा प्राणी, दिला. त्याला दिसतं जेमतेम. तो बीळ खणतो आणि मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवतो, धोका दिसला की गोबी शेपूट हलवून इशारा देतो. खरी ग्रामा सगळ्यात शेवटी सोडली.

"चारच मासे?" डॉक्टर हिरमुसले. चारच.

पिस्टल श्रिंप नांगी वाजवतो तेव्हा काच तडकल्यासारखा आवाज येतो, हे मी डॉक्टरांना सांगितलं होतं, रिसेप्शनवरच्या ताईंना नाही. दोन पेशंट दचकून उठल्यावर ताईंनीच टाकीवर कागद चिकटवला: "काच फुटलेली नाही. कृपया बसून राहा."