तुम्ही विचारलंत म्हणून: भूकंपात पळायचं की घरातच थांबायचं?

घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधले असोत की वाशी-नेरूळच्या जुन्या चार मजली सोसायटीतले, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: भूकंप झाला तर जिन्याने खाली पळायचं की घरातच थांबायचं? डहाणू-तलासरीकडे २०१८च्या नोव्हेंबरात धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हापासून तर हमखास.

इमारत हलत असताना पळू नका. जिन्याचा स्लॅब दोन मजल्यांच्या मध्ये तिरका टेकू लावल्यासारखा असतो. इमारत डोलते तेव्हा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढेमागे सरकतो आणि तो ताण जिन्यावर येतो, म्हणून तडे तिथे लवकर जातात. जोराचे हादरे बहुतेकदा मिनिटभराच्या आत ओसरतात. सातव्या मजल्यावरून तेवढ्या वेळात कोणीच खाली पोहोचत नाही, माणसं गाठली जातात ती नेमकी जिन्यात.

टेबल भक्कम असेल तर त्याखाली बसा आणि टेबलाचा पाय घट्ट धरा, कारण टेबलही सरकतं. टेबल नसेल तर खिडकी आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीशी खाली बसून डोकं हातांनी झाका. पलंगावर असाल तर तिथेच उशी डोक्यावर घ्या. दाराच्या चौकटीत उभं राहायचा सल्ला विसरा. फ्लॅटमधली चौकट भिंतीपेक्षा मजबूत नसते, वर दार आपटून बोटं चेचतात.

‘बाहेर पळा’ हे आपल्या मनात बसलं ते बरंचसं किल्लारीच्या भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तिथे जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. तसल्या घरात दाराजवळ असाल तर बाहेर पडणंच योग्य. ठाणे-नवी मुंबईकरांनी मात्र अहमदाबाद आठवावं. २६ जानेवारी २००१चा भूकंप कच्छमध्ये झाला आणि दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींच्या तळाशी स्टिल्ट पार्किंग, म्हणजे भिंतींशिवाय नुसत्या कॉलमवर उभा असलेला गाड्यांचा मजला, होतं. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्यामुळे ते ताठ राहतात. खाली नुसते कॉलम, त्यामुळे सगळं सरकणं त्या एका मजल्यात एकवटतं. नवी मुंबईत खाडीच्या भरावावर आणि चिखलावर उभ्या असलेल्या भागांत मऊ जमीन हादरा आणखी वाढवते, म्हणून तिथल्या पायाचे आणि स्टिल्टचे कागद सोसायटीने जपून ठेवायलाच हवेत.

तेव्हा आज संध्याकाळी गाडी लावताना कॉलमकडे नीट बघा. कोपऱ्याला धरून उभी चीर आणि तिच्याखाली तपकिरी ओघळ दिसला, तर नाण्याने ठोकून पाहा. भद्द, पोकळ आवाज आला की समजा आतली सळई गंजून फुगली आहे आणि तिने वरचं काँक्रीट ढकललं आहे. यावर सिमेंटचा गिलावा आणि रंग मारला की वर्षभर छान दिसतं आणि आत गंज चालूच राहतो. ही फसवणूक आहे, आणि ती बहुतेक सोसायट्या स्वतःच स्वतःची करतात. खरी दुरुस्ती अशी: आधी स्लॅबला प्रॉप म्हणजे टेकू लावायचे, सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं, गंज घासून सळईची जाडी मोजायची, बारीक झाली असेल तर जोडीला नवी सळई घालायची, मग शटरिंग म्हणजे साचा लावून मायक्रो-काँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं पातळ वाहणारं काँक्रीट, ओतायचं. जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण, असेल तर रिंगांचे (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या कड्यांचे) हूक १३५ अंशांत आत वळलेले हवेत, ९० अंशांचे हूक हादऱ्यात उघडतात. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकांशी दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. फोटो मागा, कारण काँक्रीट ओतल्यावर काही दिसत नाही. पार्किंगची जागा वाढवायला कॉलमचा कोपरा छिन्नीने फोडणाऱ्यांना तर तिथल्या तिथे थांबवा.

घरात एक काम अर्ध्या दिवसाचं आहे: उंच कपाटाला वरून एल आकाराच्या दोन पट्ट्या लावून भिंतीत प्लग ठोका, आणि कपाटावरची ट्रंक खाली उतरवा.

हादरे थांबले की आधी गॅस. पाइप गॅसच्या नळाचा दांडा पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवा असेल तर बंद. सिलेंडरचा रेग्युलेटर फिरवून बंद करा. वास येत असेल तर बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, दोन्हींनी ठिणगी पडते; खिडक्या उघडा आणि बाहेर पडून फोन करा, सिलेंडर असेल तर १९०६वर आणि पाइप गॅस असेल तर गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर. मग चप्पल घालून, लिफ्ट टाळून, भिंतीच्या बाजूने जिना उतरा. मागाहून लहान धक्के येत राहतात, त्यामुळे लगेच वर परतू नका.

जमायची जागा आधीच ठरवून ठेवा, आणि ती पोडियमवर नको. पोडियम म्हणजे पार्किंगचंच छप्पर, शिवाय वरून काचा पडतात त्याही तिथेच. गेटबाहेरचं मैदान बरं.