धारप, मतकरी आणि आठवी ब

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हाच ठरवलं की शिस्त, संस्कार, गुरुजनांचे ऋण ह्यावर बाकीचे लिहितीलच आणि माझ्यापेक्षा छान लिहितील, मी आपली आठवी ब मध्ये दप्तरातून दप्तरात जी पुस्तकं फिरायची त्यांच्यावर लिहिणार. भुताची, चेटकाची, खुनाची. नारायण धारप, रत्नाकर मतकरी, बाबुराव अर्णाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर. गेल्या उन्हाळ्यापासून मी ती परत वाचायला घेतलीत, आणि शाळेबद्दल मनापासून काही सांगायचं म्हटलं तर मला सध्या हेच सांगावंसं वाटतंय.

आपल्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं, हेडसरांच्या ऑफिसबाहेर, कुलूप लावलेलं, शनिवारी उघडायचं. त्यात चरित्रं होती, साने गुरुजी होते, विज्ञानाची पुस्तकं होती. ती पण वाचली मी, आवडली पण. पण जे पुस्तक हातात आलं की भूक लागत नाही, आई हाक मारते ते ऐकू येत नाही, तसलं त्या कपाटात नव्हतं. ते मिळायचं आमच्या गल्लीतल्या लायब्ररीत. लायब्ररी म्हणजे एका काकांच्या घराची पुढची खोली. डिपॉझिट भरायचं आणि दिवसाला चार आणे. पुस्तकाला खाकी कव्हर, त्यावर फक्त नंबर, नाव नाही. पाठीला जाड्याभरड्या कापडाची पट्टी चिकटवलेली आणि सुताची शिलाई इतकी आतून मारलेली असायची की ओळीचा शेवटचा शब्द शिवणीत जायचा, तो बघायला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरायला लागायचं. आणि मागच्या कोऱ्या पानावर आधीच्या वाचकांनी पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, रात्री वाचू नये, शेवट भारी आहे, असलं काय काय. एका पुस्तकात कुणीतरी लिहिलं होतं, आईला दाखवू नका. ते खाकी कव्हर फार उपयोगाचं होतं, बाईंना लांबून भूगोलाचं पुस्तक वाटायचं.

वर्गात पुस्तक एक आणि वाचणारे पंधरा-वीस. त्यात आपला वर्ग म्हणजे सोलापूरच, घरी मराठी बोलणारे निम्मे, बाकी कुणी तेलुगू, कुणी कन्नड, कुणी उर्दू. पूर्व भागातून येणारी माझी एक मैत्रीण, नाव लिहित नाही पण ती वाचेल हे, तिला मराठी वाचायला वेळ लागायचा म्हणून मधल्या सुट्टीत मी तिला गोष्ट सांगायचे आणि मग ती तीच गोष्ट बाकीच्या चार-पाच जणींना तेलुगूत सांगायची. मी शेजारीच बसलेली असायचे डबा घेऊन. मला तेलुगू तेवढं येत नव्हतं पण एवढं कळायचं की माझी गोष्ट पाच मिनिटांत संपली होती आणि हिची घंटा झाली तरी चालू आहे. धारपांनी न लिहिलेली माणसं तिच्यात यायची. वाडा असेल तर तो शुक्रवार पेठेत यायचा, विहीर असेल तर किल्ल्याच्या खंदकात जायची, आणि जे काही वाईट असेल ते जुन्या मिलच्या आवारात राहायला यायचं. जुनी मिल 1877 ची, आमच्या जन्माच्या कितीतरी आधी बंद पडलेली, तिच्या भिंतीकडेनं जाताना आम्ही सगळ्याच पाय उचलायचो. पोरी भाकरी हातात धरून बसलेल्या, तर्वात? तर्वात? म्हणजे मग पुढं, एवढंच विचारायच्या. गोष्ट सांगणं काय असतं ते मी तिच्याकडून शिकले.

आता रात्रीचं सांगते. आमच्या घराच्या मागं यंत्रमागाचे कारखाने होते, अजून आहेत. ज्यांचं बालपण तसल्या गल्लीत गेलंय त्यांना माहिती आहे की तो खटखट आवाज रात्रभर चालू असतो आणि तो ऐकू येत नाही, म्हणजे कान त्याला आवाजच समजत नाहीत. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो, मी जिन्यात चाळीसच्या बल्बखाली बसून वाचायचे. आणि मग लाईट जायची. बल्ब गेला त्याचं काही नाही, पण त्याच क्षणाला सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबायचे आणि ती शांतता अंगावर यायची. पुस्तकात नेमका कुणीतरी जिना चढत असायचा. मी जिन्यातच. माझी आज्जी वरून ओरडायची, काय करलालीस गं अंधारात, ये की वर. आयुष्यात मी पुष्कळ चांगले हॉरर पिक्चर बघितले, थिएटरात, मोठ्या साऊंडमध्ये, पण त्या थांबलेल्या मागांची सर कशालाच नाही.

परत वाचताना पहिली गोष्ट जाणवली ती धारपांची सुरुवात. किती सावकाश! आठवीत आम्ही पहिली पानं उडवायचो, भूत कुठं येतंय ते बघत. आता ती पहिली पानंच मला सगळ्यात आवडतात. साधी मध्यमवर्गीय माणसं, नोकरीतली बदली, भाड्याची जागा, घरमालकाशी बोलणं, सामान लावणं, चहा. भाषा एकदम स्वच्छ, भडक शब्द जवळजवळ नाहीतच. सगळं इतकं रोजचं असतं की त्यात एक बारीकशी गोष्ट चुकली तरी वाचणाऱ्याला आधी कळतं. 1925 चा जन्म त्यांचा, 2008 ला गेले, जन्मशताब्दी होऊन गेली, पण मराठीचा इतिहास शिकवताना त्यांचं नाव कुणी घेतल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही, आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण माझ्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी जाड पुस्तक शेवटपर्यंत वाचायची सवय ह्याच माणसाकडून घेतली. समर्थ हा धारपांचा नायक, वाईट शक्तींशी लढणारा; त्या समर्थांच्या कथांमध्ये तर एक मोठा आधार असायचा, संकटात सापडलेला माणूस समर्थांकडे येतो, ते ऐकून घेतात, हसत नाहीत, आणि वेड लागलंय असं म्हणत नाहीत. हे ऐकून घेणं मला तेव्हा फार हवं होतं, का ते पुढं सांगते.

लुचाई ही त्यांची कादंबरी मी आठवीत वाचली आणि ती स्टीफन किंगच्या 1975 च्या सेलम्स लॉटवर बेतलेली आहे हे कळायला मला नोकरी लागावी लागली. मग किंगची पण वाचली. किंग तेव्हा अमेरिकेत एका शाळेत इंग्रजी शिकवायचा, वर्गात पोरांना ड्रॅक्युला ही रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची कादंबरी शिकवत होता, आणि घरी जेवताना विषय निघाला की हा ड्रॅक्युला आजच्या काळात आपल्या इकडं आला तर काय होईल. म्हणजे 1897 चं एक पुस्तक, ते शिकवणारा एक मास्तर, त्यातून त्याची कादंबरी, तिच्यावरून पुण्यात बसून धारपांची, ती सोलापुरात आठवी ब मध्ये, आणि तिथून मधल्या सुट्टीत तेलुगूत. शाळेच्या एका तासातून निघालेली गोष्ट फिरत फिरत दुसऱ्या शाळेत आली. कुणी म्हणेल उसनं आहे. असेल, पण धारपांनी ते इतकं इथलं करून टाकलं की आम्हाला कधी परकं वाटलं नाही.

त्या गोष्टीत सगळं गाव हळूहळू आतून संपत जातं आणि मोठी माणसं आपापल्या कामाला जात राहतात. किंगच्या पुस्तकात एक शाळकरी पोरगा आहे, त्याला लगेच कळतं काय चाललंय. मोठ्यांना पटायला अर्धं पुस्तक जातं. आठवीत हे मला एकदम बरोबर वाटलं होतं, आणि का वाटलं ते मला आत्ता, परत वाचताना समजलं. नव्वदच्या दशकात आपल्या गावातल्या मोठ्या मिल एकेक करून बंद पडत गेल्या. माझे वडील मिलमध्ये होते, वर्गातल्या कितीतरी जणांचे होते. एक दिवस कुणी घरी बसवून सांगितलं नाही की नोकरी गेली. वडील सकाळी नेहमीसारखे अंघोळ करून कपडे घालून बसायचे. आई हळू आवाजात बोलायला लागली. शेंगाचटणी-भाकरी तीच, पण दूध कमी झालं. विचारलं की अभ्यास कर. घरात काहीतरी आलंय हे आम्हा पोरांना स्वच्छ दिसत होतं आणि त्याचं नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं. अशा वेळी ज्या पुस्तकात घरात काहीतरी आलंय आणि ते फक्त पोरांना दिसतंय असं छापून आलेलं आहे ते पुस्तक एखादी पोरगी छातीशी धरून झोपली तर त्यात नवल काय? ती पुस्तकं वाचून पोरं भित्री होतात म्हणायचे. मी आधीच भ्यालेली होते. त्या पुस्तकांनी फक्त मला सांगितलं की बाई, तुझं बरोबर आहे.

आणि आता परत वाचताना माझी बाजू बदलली. आता मी त्या मोठ्यांपैकी आहे, कामाला जाणाऱ्या, अभ्यास कर म्हणणाऱ्या. भूत आलं तरी मला आता तेवढं काही वाटत नाही, पण आई पोराला म्हणते, काही नाही रे, झोप तू, तिथं माझ्या पोटात गोळा येतो. त्या पानावर थांबून मी माझ्या वडिलांचा विचार केला. ते काय सांगणार होते आम्हाला, त्यांना तरी कुठं कुणी सांगितलं होतं.

शपथ ही धारपांची कादंबरी मला शाळेत असताना मिळालीच नव्हती, ती आत्ता पहिल्यांदा वाचली. ती किंगच्या इट वरून. मूळ गोष्टीत सात पोरं एकत्र येऊन गावातल्या एका भयंकर गोष्टीला तोंड देतात, ते परत आलं तर आपण पण परत येऊ अशी शपथ घेतात, आणि मग मोठी होऊन लांब लांब जातात आणि सगळं विसरतात, चक्क विसरतात. त्यातला एकजण मात्र गाव सोडत नाही, तिथल्याच लायब्ररीत काम करतो, आणि 27 वर्षांनी तोच एकेकाला फोन लावतो की या. आमची 99 ची बॅच, हिशोब तुम्हीच करा. आम्हाला पण जो सोलापुरात राहिला त्यानंच शोधून काढलं, कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, एकजण पार दुबईत, आणि त्याच्या फोननंतर मला सुद्धा अशा गोष्टी आठवायला लागल्या ज्या इतकी वर्षं कुठं होत्या माहिती नाही. फोनचं ते प्रकरण मी एका बैठकीत दोनदा वाचलं.

मतकरींचं वेगळं. आपल्या संमेलनात अलबत्या गलबत्या बसवलेलं आठवतंय ना? ते मतकरींचं. त्यातली चेटकीण मुळात दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, आपल्याकडं ती नववीतल्या एका पोरानं केली होती आणि पहिल्या रांगेतली बालवाडी रडायला लागली होती. पोरांना हसवणारं नाटक लिहिणारा माणूस आणि गहिरे पाणी मधल्या गूढकथा लिहिणारा माणूस एकच, हे मला तेव्हा पटेचना. मतकरींच्या गोष्टीत सोडवायला समर्थ येत नाहीत. बहुतेक वेळा भूत बाहेरून येतच नाही, हेवा, अपराध, कुणाचं तरी वाईट चिंतणं, तेच वाढत जातं. शाळेत त्या मला अर्धवट वाटायच्या, शेवटी काय झालं ते नीट सांगत नाहीत म्हणून. आता कळतं की सगळं सांगितलेलं असतं. 2020 च्या मे महिन्यात कोरोनानं ते गेले. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर चेटकिणीचा तो जुना फोटो कुणीतरी टाकला होता.

सगळंच काही तेवढं चांगलं नाही, हे पण सांगायला पाहिजे. अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, माझे आजोबा त्यातल्या झुंजार आणि काळा पहाड ह्या नायकांची नावं घेतली की तरतरीत व्हायचे, पण मला आता त्या सलग वाचवत नाहीत, सगळं फार लवकर सुटतं. आणि त्या काळच्या बऱ्याच स्वस्त कादंबऱ्यांत बाई म्हणजे एकतर किंचाळायला नाहीतर मरायला, ते वाचताना आता राग येतो. माझ्या मुलीला मी ते बोलून दाखवते. पण वाचू नको म्हणत नाही.

तर मुद्दा असा की धारपांची पुस्तकं साकेत प्रकाशनानं परत छापलीत, नवीन कव्हरं घालून, सहज मिळतात. आम्ही 99 बॅचवाल्यांनी मिळून त्यांचा आणि मतकरींचा सेट शाळेला द्यायचं ठरवलंय. मुख्याध्यापक मॅडमशी बोलणं झालंय, आठवी ते दहावीसाठी, उघड्या शेल्फवर, खाकी कव्हर न घालता. आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी जेवणानंतर आठवी ब च्या वर्गात त्या माझ्या मैत्रिणीला आम्ही गोष्ट सांगायला बसवणार आहोत. तेलुगूतच. ज्यांना येत नाही त्यांनी माझ्या शेजारी बसा, मी जमेल तेवढं सांगेन. गल्लीतल्या त्या लायब्ररीचं एखादं जुनं पुस्तक कुणाकडं राहिलं असेल, द्यायचं राहून गेलेलं, तर तेवढं घेऊन या, मागच्या पानावरचं पेन्सिलीचं वाचायचंय मला.