ब्लूम्सबरीचा टप्पा: बाग वाचली, घरं गेली

मंडळी, लंडनच्या जुन्या स्क्वेअरांची, म्हणजे मधे बाग आणि भोवती घरांच्या रांगा अशा चौकांची, पायपीट आता ब्लूम्सबरीत पोचली आहे. सुरुवात ब्लूम्सबरी स्क्वेअरपासून केली. साउदॅम्प्टनच्या अर्लने १६६० च्या दशकात तो आखला, पण मूळ घरांपैकी तिथे काही उरलेलं नाही. बागेला एक फेरी मारून पुढे निघालो.

खरी मेजवानी बेडफर्ड स्क्वेअरमध्ये. १७७५ ते १७८३ या काळात बांधलेल्या चारही बाजू आजही उभ्या आहेत. जमीन बेडफर्डच्या ड्यूक घराण्याची. बिल्डरांनी ती ९९ वर्षांच्या पट्ट्याने घ्यायची, पैसा स्वतःचा घालायचा, पण दर्शनी भाग मात्र ठरल्याप्रमाणेच बांधायचा. म्हणून सगळी रांग एकाच राजवाड्यासारखी दिसते. दारांच्या कमानींवर मधोमध दाढीवाले चेहरे आहेत, ते नक्की बघा. दगडात कोरलेले वाटतात, पण आहेत भट्टीत भाजलेले! एलिनोर कोड या बाईंच्या लॅम्बेथमधल्या कारखान्यात हा कृत्रिम दगड बनायचा. अडीचशे वर्षं होत आली, तरी नाकं-डोळे शाबूत.

उत्तर आणि दक्षिण बाजूंच्या मधल्या घरांपाशी जरा थांबा. तिथे भिंतीतले खांब पाच आहेत, त्यामुळे एक बरोबर मध्यावर येतो. अभिजात वास्तुशैलीत मध्यावर खांब म्हणजे घोर अपराध. मला तर त्यामुळेच हा स्क्वेअर जास्त आवडतो.

४९ नंबरच्या घरावर राजा राममोहन रॉय यांच्या नावाची पाटी आहे. जवळच ४७ नंबरच्या घरात १८४९ मध्ये मुलींसाठी बेडफर्ड कॉलेज सुरू झालं. मधल्या बागेला मात्र आजही कुलूप असतं, कठड्याबाहेरूनच बघायची.

चालताना फुटपाथवरही नजर असू द्या. या भागात फूटभर व्यासाची गोल लोखंडी झाकणं दिसतात, काहींवर ओतकाम करणाऱ्यांची नावं उठावात आहेत. इथून कोळसा थेट फुटपाथखालच्या तळघरात ओतायचे, म्हणजे कोळशाची पोती घरात आणायला नकोत.

रसेल स्क्वेअरची बाग सर्वांना खुली आहे. पूर्वेला १९०० च्या सुमारास चार्ल्स फिट्झरॉय डॉलने बांधलेलं भलंमोठं टेराकोटाचं हॉटेल आहे. त्याच्यापुढे जुनी घरं बिचारी वाटतात. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये १९६८ पासून गांधीजींचा बसलेला पुतळा आहे.

माझ्या मते या टप्प्याची किल्ली लंडनच्या स्क्वेअरांना संरक्षण देणाऱ्या १९३१ च्या कायद्यात आहे. १९२० च्या दशकात यूस्टनजवळच्या एन्डस्ले गार्डन्सच्या जागी इमारत झाली आणि मॉर्निंग्टन क्रेसेंटच्या बागेत सिगारेटचा कारखाना आला. लोक खवळले आणि चारशेहून अधिक स्क्वेअरांना संरक्षण मिळालं. पण ते मोकळ्या जागेला, घरांना नाही. टॉरिंग्टन स्क्वेअरमध्ये त्याचा परिणाम दिसतो: लंडन विद्यापीठ वाढत गेलं, बहुतेक घरं पाडली गेली, झाडं आणि मोकळी जागा तेवढी राहिली.

आता फिट्झरॉय स्क्वेअर. पूर्व आणि दक्षिण बाजू वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमच्या, पोर्टलंड नावाच्या फिकट चुनखडी दगडातल्या. मग नेपोलियनच्या युद्धांमुळे काम रखडलं आणि उरलेल्या दोन बाजू बऱ्याच नंतर गिलाव्यात उरकल्या. पूर्वेकडच्या घरांचं तोंड पश्चिमेला आहे, तेव्हा फोटो काढायचे तर दुपारनंतर जा.