कमोड अपडेट: पाणी नव्हे, हवा अडकली होती!

अखेर सापडलं! कमोडपासून सेप्टिक टँकपर्यंतची लाइन फिरवल्यापासून जो कमोड नीट फ्लश न होता रडत होता, त्याचा आता अर्धा फ्लशसुद्धा एका दमात निघतो.

मागच्या अपडेटमध्ये ही रड मांडली, तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांचा संशय फ्लशच्या टाकीवर होता. सायफनचा वॉशर बदलला, फ्लोट वर घेतला, रिमची भोकं क्षार काढून साफ केली. फरक शून्य. मग टाकीला बगल देऊन दहा लिटरची बादली थेट भांड्यात ओतली. पाणी काठापर्यंत चढलं, रेंगाळलं, हळूहळू उतरलं आणि शेवटी भप्पकन एक मोठा बुडबुडा वर आला. म्हणजे टाकी निर्दोष, दोष पुढे लाइनमध्ये. उतार लेव्हल ट्यूबने तपासला, मीटरला अडीच सेंमी नीट मिळतोय. आमच्या कातळात तेवढा मिळवायला बरंच खोदावं लागलं होतं.

खरा धागा मिळाला तो चेंबरवर (लाइन तपासायला मध्ये बांधलेलं झाकणाचं कुंड). गेल्या पावसात पाणी शिरतं म्हणून झाकण सिमेंटने बंद केलं होतं. ते फोडून उचललं आणि वहिनीला आतून फ्लश करायला सांगितलं. धाडकन पाणी आलं! झाकण परत ठेवून कडेने ओली माती थापली, की पुन्हा तीच रड. शेजारचे गवंडीकाका बघत होते, म्हणाले, "पाणी नाय अडाकला, वारो अडाकलो."

सेप्टिक टँक उघडला (उघडून बराच वेळ तसाच ठेवा, वाकून आत डोकावू नका, जवळ विडी-काडी नको). आत इनलेटला (पाइप टँकमध्ये शिरतो तिथे) टी, म्हणजे वर-खाली तोंडं असलेला तीन तोंडांचा जोड, नाहीच! लाइन फिरवताना प्लंबरने साधा बेंड खाली तोंड करून बसवलेला, तोंड पाण्यात बुडालेलं. एकीकडे कमोडचं वॉटर सील (भांड्याच्या वळणात कायम थांबलेलं पाणी), दुसरीकडे हे बुडालेलं तोंड, मधल्या हवेला वाटच नाही. नरसाळं बाटलीच्या तोंडावर घट्ट बसलं की तेल उतरत नाही, तसंच. टँकवर व्हेंट (हवेचा पाइप) आहे, पण बेंडमुळे त्याचा लाइनशी संबंध तुटलेला. नहाणीचं पाणी माडांच्या आळ्यात सोडलंय, त्यामुळे तिकडूनही हवा मिळत नव्हती.

बेंड काढून ११० मिमीचा टी बसवला. वरचं तोंड उघडं, स्लॅबखाली मोकळी जागा ठेवून. कागदाचे ओले बोळे टाकून तीन लिटरचा फ्लश दिला, सगळे गेले. ते बघत मी उगाच पुन्हा पुन्हा फ्लश करत राहिलो.

चेंबरवर वेगळा व्हेंट काढायचा विचार होता, तो आता रद्द, असं लिहिणार होतो. पण लिहिता लिहिताच सुचलं: आषाढात शोषखड्डा तुडुंब भरतो, टँकची पातळी चढते. टीचं वरचं तोंडही बुडालं तर? तेव्हा व्हेंट हवाच. चेंबरपासून ७५ मिमीचा पाइप भिंतीने वर नेतो. व्हेंटला टाइप ए (पातळ जाडीचा पीव्हीसी पाइप) चालतो. मात्र मैल्याच्या लाइनला दुकानदार तोच गळ्यात मारायला बघतात, तिथे जाड टाइप बीच मागा, पाइपवरचा छापा वाचून घ्या. काउलला (पाइपच्या वरच्या टोकाच्या टोपीला) नायलॉनची जाळी लावणार, जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) खाऱ्या वाऱ्यात कुजते.

एकच अडलंय: पाइप कौलांतून वर काढू की पागोळीच्या बाहेरून नेऊ? कौलारू घरात कुणी केलं असेल तर फोटो टाका. मृगाआधी काम उरकायचंय.