ट्रम्पेटवालीचं सुतक

आमच्याकडे जळगाव-धुळ्याच्या बाजूला कोणी गेलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. फोन येतो, कोण गेलं, किती वाजता नेणार, कुठून निघणार, आणि ज्याला तेव्हा पोचता येत नाही तो नंतर दारावर जातो. ओट्यावर सतरंजी टाकलेली असते, जाऊन बसायचं, थोडा वेळ गप्प राहायचं, मग हळूच विचारायचं कसं काय झालं, मग घरातलं कोणीतरी सकाळपासून दहा जणांना सांगितलेली गोष्ट अकराव्यांदा सांगतं, आपण मान हलवायची, गंधमुक्तीची तारीख विचारायची आणि उठायचं. लोक या सगळ्याला नावं ठेवतात पण मला ही पद्धत फार सोयीची वाटते. काय बोलायचं हे डोकं लावून शोधावं लागत नाही.

अडचण कुठे येते, तर जे माणूस आपलं कोणीच लागत नाही ते गेल्यावर.

२२ ऑगस्ट २०२२, सोमवारची रात्र, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला रेड हूक भाग, तिथे जेमी ब्रँच तिच्या राहत्या घरी गेली. वय ३९. इकडे तेव्हा मंगळवारची सकाळ झालेली, पोळा तोंडावर, बाजारात झुली, घुंगरमाळा आणि बैलांच्या शिंगांचे रंग आलेले, आणि मी मोबाईल हातात धरून तसाच उभा. बाई ट्रम्पेट वाजवायची. जॅझ, पण मोठ्या हॉटेलात जेवताना मागे हळू आवाजात लावतात तसलं गुळगुळीत जॅझ नाही. ज्याला अवाँ-गार्द म्हणतात ते, म्हणजे सुरावट छान चाललेली असते, खाली बास आणि ड्रम मस्त डुलत असतात, आणि मध्येच ही सूर सोडून देऊन नळीतून नुसती हवा फुंकते, मग त्या हवेतूनच एकदम किंकाळीसारखा सूर काढते की कानातला इअरफोन काढावासा वाटतो, आणि तो काढायच्या आत परत सुरावटीवर आलेली असते. जन्म लाँग आयलंडचा, वाढली शिकागोच्या बाजूला, शिकली बोस्टनला, मग बाल्टिमोर, मग ब्रुकलिन. डोक्यावर कॅप, अंगात ट्रॅकसूट, लांबून कोणाला वाटेल क्रिकेटची प्रॅक्टिस करून आली. २०१७ साली ‘फ्लाय ऑर डाय’ आली, तिच्या नावावरची पहिली रेकॉर्ड, त्यात ट्रम्पेटला जोडी म्हणून चेलो, बास आणि ड्रम. तेव्हा ती चौतिशीत होती. म्हणजे ‘ही कोण’ हे जगाला कळल्यापासून ते ती जाईपर्यंत मध्ये फक्त पाच वर्षं.

आईने चेहरा बघितला. आई घरात अहिराणीच बोलते.

“कोन वारनं रे?”

म्हटलं एक ट्रम्पेट वाजवणारी होती, अमेरिकेतली.

“ती तुनी कोन लागस?”

कोणी नाही म्हटलं. यावर ती ‘मग कशाला तोंड पाडून बसलास’ असं म्हणेल असं वाटलेलं, पण तसं काही नाही. “कितली वरीसनी व्हती?” एकोणचाळीस म्हटल्यावर हातातलं काम थांबलं, आणि मग “आरे देवा. मायबाप शेतस का तिना?”

आता बघा, मी हिचं ट्रम्पेट इतकं ऐकलेलं की कुठल्या ठिकाणी ती श्वास घेते ते मला पाठ, पण हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आईला ट्रम्पेटशी काही घेणंदेणं नाही, तिने सरळ बाईची चौकशी केली. आणि मी आणि माझ्यासारखे जगभरातले जे फॅन त्या आठवड्यात हळहळत होते, कोणी तिची एखादी क्लिप टाकतोय, कोणी कुठल्या गावात तिला कधी ऐकलं ते लिहितोय, आमचं सगळं रडणं त्या पितळी नळीतून आलेल्या आवाजासाठी. बाई त्या आवाजाच्या पलीकडे कुठेतरी.

आमच्या मातीत याच्या अगदी उलटं घडलेलं आहे. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी कोण रडलं असेल? घरचे, भाऊबंद, आसोद्याचे, जळगावचे. ती सगळी माणसं बाईला ओळखत होती, आई म्हणून, आजी म्हणून, शेजारीण म्हणून. कवयित्रीसाठी रडणारं बाहेरचं कोणी नव्हतं, कारण गाणी घरच्यांनी वहीत उतरवून ठेवलेली, बाहेर कोणाला माहितीच नाहीत. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली, १९५२ ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट पुस्तक निघालं, आणि मग सगळा महाराष्ट्र हळहळला, तोही उशिरा आणि बाईला कधी न बघता. आता तर आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. म्हणजे फॅन हा प्राणीच असा की तो एकतर लांब असतो किंवा उशिरा येतो, दारावर वेळेत पोचणं त्याच्या नशिबात नाही.

बरं, ट्रम्पेट ही खानदेशाला काही परकी वस्तू नाही हां. आमच्या पिढीची सगळी लग्नं ब्रास बँडवर लागली. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर, डांबर चिकटतंय, आणि त्या उन्हात लाल कोट आणि झालरीची टोपी घालून ट्रम्पेटवाला वरात संपेपर्यंत फुंकतोय. गाडीवर नाव बँडच्या मालकाचं, ठळक रंगात, मोबाईल नंबरसकट, फुंकणाऱ्याचं नाव कुठेच नाही. नंतर डीजे आला आणि ते सगळे एकेक करून गप्प झाले, कोणी केळीच्या कामाला गेलं, कोणी रिक्षा घेतली. त्यांच्यासाठी कोणी हळहळलं का? मी तरी नाही ऐकलं. न्यू ऑर्लिन्सला, जिथे हे जॅझ सुरू झालं, तिथे अजून अंत्ययात्रेला बँड लावतात, जाताना संथ वाजवतात आणि पुरून परत येताना अशी उडती चाल की मागून येणारे लोक नाचतात. आपल्याकडेही नातवंडं-पतवंडं बघून गेलेल्या म्हाताऱ्याला वाजतगाजत नेतात की, भजनी मंडळ असतं, कधी बँडसुद्धा. पण चाळिशीच्या आतल्या माणसाला नाही. तिथे फक्त शांतता.

गल्लीत एक नाना आहेत, आयुष्यभर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं, आता ओठ साथ देत नाहीत. त्यांना एकदा ब्रँच ऐकवली. तोंड वाकडं करतील याची माझी पूर्ण तयारी होती. पण ते मोबाईल कानाला लावून बसले, आणि पहिलं काय विचारलं तर “हाई गानं कोनतं?” म्हटलं गाणं नाहीये नाना, तिचं स्वतःचं आहे. मग परत ऐकलं. मग बोटं हवेत हलायला लागली, आणि म्हणाले ही बटण पूर्ण दाबतच नाहीये, अर्ध्यावर धरते, म्हणून सूर असा चिरडून येतो. ट्रम्पेटला बटणं तीनच असतात, बाकी सगळे सूर ओठ आवळून-सोडून काढायचे, म्हणजे वाद्य अर्धं हातात आणि अर्धं तोंडात, आणि नाना म्हणतात आमच्यात कोणी असं वाजवलं असतं तर मालकाने संध्याकाळी पैसे कापले असते. आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “दम शे भो पोरमा.” अहो, जॅझच्या मासिकात कोणी चार पानं लिहिली तरी यापेक्षा जास्त काय लिहिणार?

‘शे’ म्हणाले, म्हणजे ‘आहे’, ‘व्हता’ नाही. ती गेलीये हे मी सांगितलंच नव्हतं, आणि मग सांगितलं नाही.

मला विचाराल तर फॅन रडतो तो झालेल्या रेकॉर्डसाठी नाही, त्या आहेतच, कितीही वेळा लावा. तो रडतो न झालेल्यांसाठी. आणि इथे एक भानगड झाली की एक रेकॉर्ड बाकी होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये ती आणि तिचे साथीदार नेब्रास्काच्या ओमाहाला एका कलाकेंद्रात राहून ती रेकॉर्ड करून आले होते, बरंचसं काम झालेलं, मग घरच्यांनी, साथीदारांनी आणि रेकॉर्ड कंपनीने मिळून ते पूर्ण केलं आणि २५ ऑगस्ट २०२३ ला ती बाहेर आली. वर्षश्राद्धच म्हणा ना. नाव काय, तर ‘फ्लाय ऑर डाय’ तीनदा आणि पुढे कंसात ‘वर्ल्ड वॉर’. त्यात ती नुसती वाजवत नाही, भरपूर गातेसुद्धा, मीट पपेट्स नावाच्या रॉक बँडचं एक गाणंही घेतलंय.

सगळ्यांनी डोक्यावर घेतली. आता मेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये म्हणतात पण मला मधली जास्त आवडते, २०१९ ची ‘बर्ड डॉग्ज ऑफ पॅराडाइज’, अमेरिकेच्या नावाने तिने जी एक प्रार्थना म्हटलीये, प्रार्थना कसली चांगली झाडाझडतीच आहे, ती त्यात आहे. शेवटची चांगलीच आहे पण आपण ती ऐकताना अर्धे रडवेले असतो, मग ती चांगली वाटणारच, त्यात रेकॉर्डचं काय कौतुक? भुसावळला माझा एक मित्र आहे, रेल्वेत, या भागात तिला ऐकणारा माझ्याशिवाय दुसरा मला माहीत असलेला तो एकटाच. त्याला हे अजिबात पटत नाही. त्याचं म्हणणं, गाणं हेच तिचं पुढचं पाऊल होतं, ट्रम्पेट ती हळूहळू कमी करत गेली असती. मी म्हणतो शक्यच नाही, ओठ इतके तयार असलेलं माणूस ट्रम्पेट खाली ठेवेल कशाला. मागच्या रविवारी तो भरीत खायला आला तेव्हा कळण्याची भाकरी ताटात गार होईपर्यंत यावरून भांडलो, आणि आई आतून विचारत होती की अजून त्याच पोरीचं चाललंय का.