आमची वाटचाल : जुन्या घरांतले एसी, डक्ट आणि थांबलेलं पाणी

पार्ले, गोरेगाव, चेंबूर, मुलुंड इथल्या जुन्या सोसायट्यांमधल्या विंडो आणि स्प्लिट एसींची सर्व्हिस, सुरुवातीला आमचं काम एवढंच होतं. आज फॉल्स सीलिंगमध्ये दडलेली डक्टेबल युनिट्स, त्यांचे पत्र्याचे डक्ट (थंड हवा खोल्यांत नेणाऱ्या पोकळ वाहिन्या), ग्रिल आणि ड्रेनलाइन यांची सफाई हा कामाचा मुख्य भाग झाला आहे. मधल्या काळात हत्यारं बदलली, माणसं वाढली. पण कुठल्याही घरात गेल्यावर आम्ही आधी काय शोधतो, ते बदललेलं नाही : पाणी कुठे थांबतंय. मुंबईत कोरडी धूळ एसीचं फारसं बिघडवत नाही. ओली धूळ बिघडवते.

दीड टनाचा एसी पावसाळी हवेत पूर्ण जोरात चालला, तर तासाला दीड ते दोन लिटर पाणी हवेतून काढतो. रात्रभरात अर्धी बादली सहज भरते. हे सगळं पाणी कूलिंग कॉइलवरून ओघळत खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि बारीकशा ड्रेन पाइपातून बाहेर जातं. वाटेत त्यात धूळ, अगरबत्तीची काजळी, फोडणीचा तेलकट धूर, कपड्यांचे तंतू मिसळतात. ट्रेच्या तळाला जेलीसारखा बुळबुळीत थर धरतो. तो सुटला की पाइपाच्या पहिल्याच वळणात अडकतो. "एसीतून पाणी गळतंय" असा फोन येतो तेव्हा दहातल्या बहुतेक घरांत गॅसचा किंवा कॉम्प्रेसरचा काही संबंध नसतो, ड्रेन तुंबलेला असतो.

स्प्लिटच्या सफाईत आम्ही काही गोष्टींवर अडून बसतो. आधी एमसीबी, म्हणजे एसीच्या विजेचा मुख्य स्विच, बंद. मग पीसीबीच्या (एसीच्या सर्किट बोर्डच्या) बाजूला प्लॅस्टिक आणि युनिटखाली सर्व्हिस कव्हर, ज्याची नळी बादलीत सोडलेली असते. पाणी मारायचं ते पसरट नोझलने, फिनच्या (कॉइलवरच्या पातळ पट्ट्यांच्या) रेषेत वरून खाली, हातभर अंतर ठेवून आणि प्रेशर कमी ठेवून. ॲल्युमिनियमची फिन साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची असते. गाड्या धुवायच्या पंपाचं पूर्ण प्रेशर जवळून मारलं की ती आडवी होते, हवेची वाट बंद होते आणि सर्व्हिसनंतर एसी आधीपेक्षा कमी थंड करतो. ब्लोअरच्या (हवा फेकणाऱ्या पंख्याच्या) पात्यांच्या आतल्या बाजूला काळा थर असेल, तर फवारा मारून भागत नाही. ब्लोअर काढून टबमध्ये मऊ ब्रशने धुवावा लागतो.

केमिकलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. बाजारातल्या स्वस्त कॉइल क्लीनरमध्ये बऱ्याचदा कॉस्टिक सोडा असतो. तो मारल्यावर भरपूर फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, केवढा मळ निघाला! तो फेस म्हणजे सोडा ॲल्युमिनियमला खात असताना सुटणारा हायड्रोजन असतो. दोन-चार सर्व्हिसमध्ये फिन पांढऱ्या पडतात, हात लावला की भुगा होतो. खाडी किंवा मोठ्या नाल्याजवळच्या घरांत तांब्याच्या नळ्या मुळातच काळ्या पडतात, कारण तिथल्या हवेत गंधकाचे वायू असतात. तिथे असं केमिकल वापरणं म्हणजे गॅस लीकला आमंत्रण. आम्ही सौम्य, पीएच ७ च्या आसपासचंच क्लीनर वापरतो आणि ट्रेमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतो. एका युनिटला १५ ते २० लिटर पाणी लागतं. जुन्या सोसायट्यांत नळाला पाणी सकाळी ठरावीक वेळच असतं आणि घरातली साठवण वापरणं आम्हाला पटत नाही, म्हणून कॅन सोबत नेतो.

उपनगरांत रिडेव्हलपमेंटची कामं वाढली तशी कॉइलवरची धूळही बदलली. शेजारच्या प्लॉटवर इमारत पाडायचं किंवा काँक्रीटचं काम सुरू असेल, तर फिल्टरमधून सुटलेली सिमेंटची पूड ओल्या कॉइलवर बसते आणि घट्ट होते. अशा ठिकाणी आधी पाणी मारायचंच नाही. कूलिंग बंद ठेवून, एसी केवळ पंख्यावर चालवून कॉइल पूर्ण सुकवायची, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने कोरडी पूड ओढून घ्यायची आणि मगच धुवायची. बाजूला बांधकाम चालू असेपर्यंत फिल्टर पंधरवड्याऐवजी दर आठवड्याला धुवावा, हे आम्ही घरच्यांना बजावून सांगतो. फिल्टर धुणं हे घरच्यांचं काम आहे, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

डक्टच्या कामाकडे आम्ही वळलो ते जुहू स्कीम, वांद्रे, चेंबूरच्या जुन्या बंगल्यांमुळे आणि दोन फ्लॅट जोडून मोठं केलेल्या घरांमुळे. अशा घरांत दोन-तीन टनांची सीलिंगमधली किंवा साडेपाच टनांची डक्टेबल युनिट्स असतात. ती जागा कार्यालयासाठी किंवा मॉलसाठी आखलेली नसते. जुन्या बांधकामाची उंची मुळात कमी आणि बीम खोल, त्यामुळे डक्ट बीमखालून जाताना कधीकधी १५० मिलिमीटरपर्यंत चेपलेला असतो. तिथून ब्रश पुढे जात नाही आणि नेमकी तिथेच धूळ साचते. दुसरी गोष्ट : पुष्कळ घरांत थंड हवेला डक्ट असतो, पण परतीच्या हवेला नसतो. फॉल्स सीलिंगवरची सगळी पोकळीच परतीची वाट म्हणून वापरलेली असते. तिथे स्लॅबचं सुटलेलं प्लास्टर, वायरिंगच्या वेळचा कचरा, उंदरांची लेंडी, वरच्या बाथरूमची गळती असं सगळं असू शकतं आणि युनिट तीच हवा ओढत असतं. पुरवठ्याचा डक्ट चकचकीत करून ही पोकळी तशीच ठेवली, तर महिन्याभरात परिस्थिती पूर्ववत होते. म्हणून आमच्या कोटेशनमध्ये पोकळीची सफाई वेगळी लिहिलेली असते आणि ती वगळायची असेल तर आम्ही डक्टचं कामही घेत नाही.

काम घ्यायच्या आधी पाहणी. ग्रिल काढून कॅमेऱ्याची केबल आत सोडतो आणि मालकांना स्क्रीनवर दाखवतो. पत्र्यावर करड्या रंगाचा पातळ, कोरडा थर असेल तर सफाईची गरज नाही, असं स्पष्ट सांगतो. अमेरिकेतली घरं वेगळी असतात, तिथे भट्टीची गरम आणि एसीची थंड हवा बहुधा एकाच डक्टमधून फिरते. अशा देशातल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही १९९७ च्या आपल्या पुस्तिकेत घरमालकांना सांगितलं आहे, की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही. डक्टमध्ये दिसण्याइतकी बुरशी असेल, उंदीर किंवा किडे असतील, किंवा धुळीने डक्ट तुंबून ती ग्रिलमधून खोलीत येत असेल, तर सफाई करावी असं ती पुस्तिका म्हणते. आम्ही हाच निकष लावतो. दम्याचं माणूस घरात आहे म्हणून डक्ट साफ करून घ्या, असं आम्ही कुणाला सांगत नाही. आधी फिल्टर, कॉइल, ट्रे आणि भिंतीतली ओल तपासायला सांगतो.

प्रत्यक्ष सफाई करताना मुख्य सूत्र एकच : धूळ सुटेल त्या क्षणी ती ओढली गेली पाहिजे. त्यासाठी युनिटजवळ डक्टला तोंड पाडून तिथे हेपा फिल्टर असलेलं सक्शन मशीन जोडतो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरला तर सगळ्यात बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीतच येते. ज्या फाट्यावर काम चालू आहे तेवढं ग्रिल उघडं ठेवून बाकीची प्लॅस्टिकने बंद करतो. उघड्या तोंडाशी टिश्यू पेपर धरला आणि तो आत ओढला गेला, तरच ब्रश फिरवायचा. आधी परतीची बाजू, मग पुरवठ्याची, आणि टोकाच्या ग्रिलकडून युनिटच्या दिशेने. लांब डक्टला तीन-चार मीटरवर एक तोंड पाडावं लागतं. कॉइल आणि ब्लोअर डक्टच्या आधी नव्हे, डक्टनंतर धुवायचे, कारण कितीही काळजी घेतली तरी थोडी धूळ तिकडे जातेच.

ब्रश कुठला, हे आत काय लावलंय त्यावर ठरतं. नुसत्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याला नायलॉनचा फिरता ब्रश चालतो. आवाज कमी व्हावा म्हणून आतून ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा थर) लावलेलं असेल, तर ब्रश अजिबात नाही. तंतू सुटतात आणि मग ते खोलीत येतात. तिथे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारे रबरी चाबूक हलकेच फिरवतो. ग्लासवूल ओलं होऊन त्यात बुरशी धरली असेल, तर ते साफ होत नाही, काढून नवं लावावं लागतं. अशा ठिकाणी औषध फवारून "निर्जंतुक" करून देणारे आहेत. आम्ही ते करत नाही. बुरशी सच्छिद्र थराच्या आत असते, फवारा वरच्या वर सुकतो, आणि फवाऱ्यातली ओल पुढच्या बुरशीला पाणी पुरवते. सुगंधी फॉगिंगलाही आमचा नकार असतो.

सफाईइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे पाडलेली तोंडं बंद करणं. जेवढ्या जाडीचा मूळ पत्रा तेवढ्याच जाडीचं झाकण, कडेला गॅस्केट, स्क्रू, वरून ॲल्युमिनियम फॉइल टेप आणि त्यावर पहिल्यासारखंच इन्सुलेशन, सांधा न ठेवता. बाहेरची हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. डक्टमधली हवा तर १३-१४ अंशांची असते. तळहाताएवढा तुकडा उघडा राहिला तरी जुलैमध्ये सीलिंगवर पिवळा डाग येतो, आणि सगळे वरच्या मजल्यावरच्यांशी भांडायला जातात.

आता ट्रॅपचं, म्हणजे ड्रेन पाइपाच्या यू आकाराच्या वळणाचं. डक्टेबल युनिटमध्ये ब्लोअर बहुतेक वेळा हवेच्या वाटेत कॉइलच्या पुढे बसवलेला असतो, म्हणजे तो हवा ओढतो. ट्रेच्या जागी त्यामुळे खेच असते आणि ड्रेन पाइपातून बाहेरची हवा आत यायला बघते. पाइपाला पाण्याने भरलेला यू-ट्रॅप नसेल, तर पंखा चालू असताना पाणी बाहेर पडतच नाही. ट्रे भरत जातो आणि एसी बंद केला की एकदम धारेने रिकामा होतो, किंवा कडेवरून सांडतो. "बंद केल्यावर गळतो" ही तक्रार ऐकली की आम्ही आधी ट्रॅप बघतो. खेच पाण्याच्या २५ मिलिमीटर उंचीएवढी असेल, तर ट्रेच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंत किमान ५० मिलिमीटरचा उतार लागतो, आणि पुढे पाइपाला दर मीटरमागे निदान एक सेंटिमीटर. ट्रॅपला वरून उघडता येईल असं बूच हवं. हिवाळ्यात एसी बंद असला की ट्रॅप सुकतो आणि मार्चमध्ये पहिल्यांदा चालू केल्यावर गटाराचा वास घरभर पसरतो. त्याआधी ट्रेमध्ये दोन तांबे पाणी ओतलं की झालं.

आउटडोअर युनिटच्या बाजूला दोन प्रश्न जुन्या इमारतींत वारंवार येतात. पहिला म्हणजे पाइपांच्या बंदिस्त शाफ्टमध्ये बसवलेली युनिट्स. एकाची गरम हवा दुसरा ओढतो, दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप होतो, आणि कॉइल कितीही धुतली तरी फरक पडत नाही. जागा बदलणं हाच उपाय, आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी मिळवावी लागते. दुसरा म्हणजे कबुतरं. सुकलेली विष्ठा खरवडली की तिची पूड हवेत उडते आणि ती फुप्फुसांना घातक असते. म्हणून वीज बंद करून आधी पंपाने हलकी फवारणी, दहा-पंधरा मिनिटं भिजू देणं, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने काढून पिशवीत बंद करणं. काम करणाऱ्या आमच्या मुलांच्या तोंडावर एन-९५ मास्क, हातात मोजे, आणि ब्रॅकेट गंजलेलं असेल तर हार्नेस असूनही कुणी छज्जावर उतरायचं नाही. गंजलेल्या ब्रॅकेटचा फोटो काढून आम्ही तो मालकांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना, दोघांनाही पाठवतो.

आमच्या जोड्या दोघांच्या असतात : एक आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा कोर्स केलेला, एक शिकाऊ. काम सकाळी नऊ ते एक आणि चार ते सात, कारण बहुतेक सोसायट्यांत दुपारी आवाज चालत नाही. दर ठरतो तो डक्टच्या रनिंग फुटांवर, ग्रिलच्या संख्येवर आणि पाडाव्या लागणाऱ्या तोंडांवर. काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे फोटो, परतीच्या आणि पुरवठ्याच्या हवेचं तापमान, पाणी ओतून केलेली ड्रेनची चाचणी, एवढं एका पानावर लिहून देतो.

फोनांची गर्दी मार्च-एप्रिलमध्ये होते, पण मोठ्या सफाईसाठी आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबर सुचवतो. चार महिने भिजलेली कॉइल तशीच मळकट ठेवून हिवाळाभर बंद केली की बुरशीला निवांत वेळ मिळतो. ज्यांना तेव्हा जमत नाही त्यांनी एवढं करावं : रात्री एसी बंद करण्याआधी अर्धा तास नुसत्या पंख्यावर चालवावा. अतिशय दमट रात्री यामुळे थोडी ओल खोलीत परत येते, पण कॉइल सुकते.

सध्या आमचा बराच वेळ रिडेव्हलपमेंटमधून नव्या घरात जाणाऱ्या जुन्या ग्राहकांबरोबर जातो. फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आत आम्ही तिथे जातो आणि इंटिरिअरवाल्यांकडे मोजक्या मागण्या ठेवतो : युनिटखाली ६०० बाय ६०० मिलिमीटरचा ट्रॅपडोअर (सीलिंगमधलं उघडता येणारं झाकण), पीसीबी, फिल्टर आणि ड्रेन या तिन्हींपर्यंत हात पोचेल अशा जागी. परतीच्या हवेला स्वतंत्र डक्ट. ड्रेनला यू-ट्रॅप आणि बूच. आणि सीलिंगचं बोर्ड लावण्याआधी ट्रेमध्ये दहा लिटर पाणी ओतून, पंखा चालू ठेवून केलेली चाचणी.